माळरानावरचा समुद्र

आपल्या बेटावर १९७५ साली ल सें जेरां हे हॉटेल उभारणारे सॉल कर्झनर जगभर गाजले ते दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीमुळे. तेथील वर्णद्वेषी सरकारने देशात जुगाराला बंदी केली होती. पण काळ्या लोकांसाठी वेगळा काढलेला बोफुथात्स्वाना प्रदेश 'स्वतंत्र' म्हणवला जाई, तेथे कॅसिनो चाले. घरात पाप, उंबऱ्याबाहेर पुण्य! १९७९ मध्ये तेथेच कोरड्या माळावर सन सिटी उघडली. १९८५ मध्ये अनेक कलावंतांनी 'आम्ही तेथे गाणार नाही' असे गाणेच काढले.

१९९४ मध्ये बोफुथात्स्वाना दक्षिण आफ्रिकेत विलीन झाले, १९९६ च्या कायद्याने जुगार देशभर खुला झाला. मग केवळ जुगारासाठी इतक्या दूर कोण येणार? सुदैवाने १९९२ मध्येच 'लॉस्ट सिटी' उभी राहिली होती : कधीच नसलेल्या राजाचा राजवाडा, भूकंप झाल्यागत गडगडून हादरणारा पूल, यंत्राच्या लाटा अंगावर घेणारी वाळू. मुले हरखतात. आम्हां बेटवासीयांना मात्र त्या लाटांचे काय कौतुक? वाचकहो, गेलात तर शेजारचे पिलानेसबर्ग अभयारण्य आधी पाहा. विझलेल्या ज्वालामुखीत हिंडणारे तेथील हत्ती आणि गेंडे खरे आहेत.