पाडणार की काढणार?

इंग्रजीतल्या 'डिसमँटल' या क्रियापदाला मराठी शब्द शोधताना आपण घाईघाईने 'मोडणे' म्हणून मोकळे होतो. पण आपलं 'मोडणे' फार ऐसपैस आहे. नोट मोडते, सोनं मोडतं, ठरलेलं लग्न मोडतं. 'साहेब, ठेव मोडायचीय' हे वाक्य तर बँकेत मी वर्षानुवर्षं ऐकलं. यातलं एकही मोडणं डिसमँटल नव्हे.

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला. 'मँटल' म्हणजे अंगावरचा झगा. तो उतरवणं हा मूळ अर्थ. पुढे किल्ल्याचा तट पाडणं म्हणजे जणू त्याचा झगा काढून घेणं, या कल्पनेतून शब्द लष्करात शिरला. गंमत अशी, की मराठीतही तटाला कोट म्हणतात आणि अंगातल्या कोटालाही कोटच. एक संस्कृतातून आलेला, दुसरा इंग्रजीतून. नात्याने कुणी कुणाचे नव्हेत, तरी इथे शेजारी येऊन बसलेत.

आपल्या मुलखाने या शब्दाचा लष्करी अर्थ सोसलेला आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंगवर चढणाऱ्यांना त्या तुटलेल्या पायऱ्या अजून आडव्या येतात. किल्ला जागेवरच राहिला, फक्त निरुपयोगी झाला. मुंबईत मात्र इंग्रजांनी स्वतःचाच तट काढला. शहर आत मावेना, म्हणून १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, भिंती आणि दरवाजे गेले. वस्तू गेल्या, नावं राहिली. आज चर्चगेटला उतरणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना ते गेट कुठे आहे असा प्रश्न पडत असेल?

आजच्या वापरात या शब्दाची एक अट आहे: जे जोडून उभं केलं, तेच डिसमँटल होतं. मडकं फुटतं, इंजिन खोलतात. लंडनचा १८३१ सालचा पूल १९६८ मध्ये एका अमेरिकन उद्योगपतीने विकत घेतला. दगडांवर आकडे घालून ते ॲरिझोनाला नेले आणि १९७१ मध्ये तिथे पूल उभा राहिला. शब्द माणसांनी रचलेल्या व्यवस्थांनाही लागतो. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद कलमाकलमाने रचलेला होता. माणसांची वंशवार नोंद करणारा कायदा १९९१ साली रद्द झाला, सर्वांना मत देणारी निवडणूक १९९४ साली झाली. सुटा करतानाही तो कायद्याकायद्यानेच करावा लागला.

मला विचाराल तर मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'उतरवणे'. अंगरखा उतरवतात, मांडव उतरवतात, जुन्या घराची कौलं उतरवतात. उतरवलेलं जपून ठेवता येतं, हे त्यात न बोलता येतं.

हा फरक नुसता कोशातला नाही. १९८०च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी होतो. एक बाई पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ चालवत. पत्रे आमच्याच कर्जातून घेतलेले. एक दिवस त्या नगरपालिकेची इंग्रजी नोटीस घेऊन आल्या. रस्तारुंदीत शेड 'डिसमँटल' होणार होती.

"साहेब, पाडणार का काढणार?" त्यांनी विचारलं.

"मावशी, कागद म्हणतो, काढणार."

"आणि माणसं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेजारचं दुकान आधीच्या आठवड्यात पहारींनी 'काढलेलं' त्यांनी पाहिलं होतं. एक पत्रा धड उरला नव्हता. आदल्या रात्री त्यांनी दोन भाच्यांना घेऊन सगळे नटबोल्ट स्वतःच सोडवले. सकाळी पालिकेची माणसं आली तेव्हा जागेवर खांबांचे खड्डे तेवढे होते आणि बावीस पत्रे त्यांच्या दारात रचलेले. पुढचा हप्ता दोन महिने उशिरा आला, पण आला.