खेळयंत्राचें फर्मवेअर बदलावें काय?

सोनी कंपनीचें प्लेस्टेशन पोर्टेबल हें हातांत धरून खेळावयाचें यंत्र १२ डिसेंबर २००४ रोजीं जपानांत विक्रीस आलें. त्याचें उत्पादन थांबून बरींच वर्षें लोटलीं. तरी तें जपून ठेवणाऱ्यांपुढें एक प्रश्न अद्याप उभा राहतो. नवें फर्मवेअर घ्यावें, कीं आहे तेंच राहूं द्यावें?

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटांतील फ्लॅश स्मृतींत लिहिलेली मूळ आज्ञावली. वीज गेली तरी ती पुसली जात नाहीं. बाहेरून आलेल्या कोणत्या प्रोग्रॅमला आंत घ्यावयाचें हें तीच ठरविते. देवडीवरचा पहारेकरीच म्हणा ना! १.५० या आरंभींच्या आवृत्तींत हा पहारा कच्चा होता. २००५ सालीं हौशी मंडळींनीं ती फट हेरली आणि कंपनीची मोहर नसलेले, स्वतः रचलेले प्रोग्रॅम त्या यंत्रावर चालविले. त्याच वर्षीं निघालेल्या २.०० या आवृत्तीनें इंटरनेट पाहण्याची सोय दिली खरी, परंतु ती फट बुजविली. शिवाय नव्या खेळांच्या कित्येक तबकड्या नव्या आवृत्तीवांचून चालतच नसत. सोय घ्यावी तर स्वातंत्र्य जातें, स्वातंत्र्य राखावें तर खेळ अडतात, असा हा पेंच होता.

मागें फिरण्याच्या लोभानें कांहींचा घात झाला. जुन्या आवृत्तीवर परत नेणारें साधन म्हणून २००५ मध्येंच एक प्रोग्रॅम पसरला. प्रत्यक्षांत तो फ्लॅशमधील आवश्यक फायली पुसून टाकी. असें यंत्र पुन्हां सुरू होत नसे. त्यास हौशी लोक ‘वीट’ म्हणतात, आणि तें नांव यथार्थच आहे.

यावर २००७ सालीं उतारा सांपडला. बॅटरींतील एका लहानशा स्मृतींत तिचा अनुक्रमांक असतो. तो ठराविक रीतीनें बदलला कीं यंत्र दुरुस्तीच्या अवस्थेंत उघडतें आणि फ्लॅशऐवजीं मेमरी स्टिकवरून आज्ञा घेतें. मेलेलीं यंत्रें उठून बसलीं! मात्र हा उतारा १००० क्रमांकाच्या आणि २००० च्या आरंभींच्या यंत्रांनाच लागू पडला; २००८ सालच्या ३००० ला नाहीं. सबब आपल्या हातीं कोणतें यंत्र आहे हें न पाहतां दुसऱ्याचें ऐकून कांहीं करणें हा निव्वळ अविचार होय.

आज प्रश्न बराच सोपा झाला आहे. कंपनीची शेवटची आवृत्ति ६.६१ ही २०१५ ची, आणि तिच्या आधींची ६.६० ही २०११ ची. हौशी मंडळींचे बदल दोहोंवर चालतात. ज्याचें यंत्र ६.६० वर सुरळीत आहे, त्यास पुढें जाण्यांत लाभ नांवापुरताच. त्यानें उगाच धोका पत्करूं नये. फार जुन्या आवृत्तीमुळें खेळ अडत असतील, तर मात्र मध्यें न रेंगाळतां थेट ६.६१ घ्यावी. कंपनीची आवृत्ति चढविली म्हणजे पूर्वींचा बदल पुसला जातो व तो पुन्हां करावा लागतो. कांहीं बदल तर तात्पुरत्या स्मृतींतच राहतात आणि यंत्र पूर्ण बंद होतांच नाहींसे होतात. ही कटकट खरी, पण त्यांत मूळ आज्ञावली शाबूत राहते.

आवृत्ति चढवितांना बॅटरी भरलेली आणि अडॅप्टर जोडलेला असावा. जुन्या बॅटऱ्या पुष्कळदां फुगलेल्या असतात. तशी असल्यास ती आधीं बदलावी, कारण फ्लॅशवर लिहिण्याचें काम अर्ध्यावर असतां वीज तुटली, तर यंत्राची वीट होण्यास तेवढें पुरे होतें.