पुढें धाडलेला छळ

मैदानावर कोणीं कोणास चिडविलें, तर घंटा झाल्यावर तें बहुधा तेथेंच विरतें. चिडविणाराही समोर दिसतो. मोबाइलवरील छळाचें तसें नाहीं. तो रात्रीं अंथरुणापर्यंत येतो, त्याचा कर्ता खोट्या नांवाआड दडतो, आणि आपली फजिती किती जणांनीं पाहिली हें पीडितास कळत नाहीं. ह्या न कळण्याचाच जाच अधिक.

पाठविलेलें छायाचित्र 'सर्वांसाठीं' पुसलें, तरी मध्यंतरीं कोणीं स्क्रीनशॉट घेतला असल्यास तो त्याच्याजवळ राहतोच. चित्रांतील गणवेश व शाळेची पाटी तर परक्यास पत्ताच सांगतात. व्हॉट्सॲपनें २०१८ सालीं भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं संदेश पुढें धाडण्याची मर्यादा घातली. परंतु त्यांतील एक ठिकाण म्हणजे सबंध वर्गाचा समूह असला, तर ती मर्यादा कशाची? वर्गबंधूचें विद्रूप केलेलें चित्र 'नुसतें पुढें' पाठविणारा बघ्या नव्हे, भागीदार होय.

छळणारास उलट उत्तर देऊं नये. मात्र पुरावाही पुसूं नये. स्क्रीनशॉट ठेवून मगच तें खातें ब्लॉक करावें. पुष्कळ मुलें घरीं बोलत नाहींत, तीं मोबाइल काढून घेतील ह्या धास्तीनें. पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें. ज्यास घरीं सांगवत नाहीं, त्यास १०९८ ह्या बालसाहाय्य क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें.