कंप्रेसर घरभर फिरतोय? आधी मोबाईलने मोजा!

मी साताऱ्याचा, मामा सांगलीचा. मामा घरीच, पहिल्या मजल्यावर, गणपतीच्या मूर्ती रंगवतो. स्प्रेगनसाठी त्याने छोटा कंप्रेसर घेतला. सुरू केला की हा पठ्ठ्या थडथडत फूटभर पुढे सरकायचा आणि खालच्या खोलीत आजारी आजी दचकून उठायची. चतुर्थीला महिना उरलेला, ऑर्डरी घेतलेल्या. मशीन बंद ठेवून कसं चालेल?

"तू इंजिनिअर ना? कर की कायतरी!" मामा म्हणाला. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण खिशात फोन होता.

फोन काय करणार?

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती ॲक्सेलरोमीटर या सेन्सरमुळे. अँड्रॉइडची भूकंपाची सूचनाही याच सेन्सरवर चालते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप घ्या आणि त्यात ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रम उघडा. फोन कंप्रेसरवर नाही, शेजारी जमिनीवर ठेवा. जोरदार थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो. मोटारसायकलच्या बाबतीत ॲपलनेच तसं सांगितलंय.

आमच्या आलेखात 24 हर्ट्झजवळ उंच टोक आलं. मोटरच्या प्लेटवर 1440 आरपीएम होतं. भागिले 60, म्हणजे बरोबर 24. पिस्टन सेकंदाला 24 वेळा वरखाली होत होता आणि तोच धक्का फरशीत उतरत होता. (पट्ट्यावर चालणाऱ्या कंप्रेसरचा पंप मोटरपेक्षा हळू फिरतो, तिथे आलेखातला आकडा धरा.)

रबर घातलं तरी का हलतो?

मामाने पायांखाली ट्यूबचे तुकडे घातले होते. थरथर उलट वाढली! कारण रबर म्हणजे स्प्रिंग, आणि तिचा स्वतःचा झुलण्याचा वेग असतो. सोपा हिशोब: वजनाने रबर किती मिलिमीटर दबलं ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा आणि 16 ला त्याने भागा.

- अर्धा मिमी दबलं: साधारण 23 हर्ट्झ. मशीनच्या 24 ला अगदी चिकटून. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं!
- 1 मिमी: 16 हर्ट्झ. फायदा नावापुरता.
- 4 मिमी: 8 हर्ट्झ. कागदावर धक्का आठव्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात फायदा थोडा कमी, पण जाणवण्याइतका.

आम्ही काय केलं?

1. प्लग काढला, टाकीतली हवा सोडली.
2. दोन बाय दोन फुटांची जाड शहाबादी फरशी घेतली. वजन पस्तीसेक किलो. जड बूड असलं की हलणं कमी.
3. कंप्रेसरचे पाय बोल्टने फरशीला आवळले. टाकीला मात्र भोक किंवा वेल्डिंग चुकूनही नको, ती फुटू शकते.
4. फरशीच्या चार कोपऱ्यांखाली मऊ, जाड रबर माउंट. पट्टीने मोजून 4 मिमी दबतील असेच निवडले.
5. हवेचा पाइप लवचीक आणि सैल ठेवला. चालू-बंद होताना मशीन क्षणभर झुलतं, तेव्हा ताठ पाइपला ताण बसतो.

पुन्हा फोन ठेवला. 24 वरचं टोक पार बसलं होतं आणि कंप्रेसर जागचा हलला नाही. खाली गेलो तर आजी घोरत होती. मामा गुपचूप पुढच्या मूर्तीचं पितांबर रंगवायला बसला.

तुमच्याकडेही मशीन नाचत असेल तर रबर विकत घेण्याआधी फोन जमिनीवर ठेवा. आकडा कळला की रबर किती दबायला हवं ते आपोआप कळतं.