गढूळ खाडीत जिताड्याला आमिष दिसतं कसं?

मी चारकोपला राहतो. पश्चिमेला तिवरं संपली की खाडी लागते. माझ्या पीएचडीचा विषय पाण्यातले बारीक कण आणि त्यांवरून विखुरणारा प्रकाश. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मामा म्हणाला, "एवढं शिकतोयस, मग सांग, या चहासारख्या पाण्यात कुठलं क्रँकबेट लावू?" मी ऐटीत चकचकीत चंदेरी दिलं. संध्याकाळपर्यंत एकही मासा लागला नाही. घरी येऊन कारण शोधलं, तेच आज तुम्हाला सांगतोय.

आधी ओळख करून घेऊ. क्रँकबेट म्हणजे माशाच्या आकाराचं पोकळ आमिष. तोंडाशी प्लास्टिकची जीभ असते. दोरी ओढली की पाणी त्या जिभेवर आपटतं, आमिष खाली जातं आणि डुलायला लागतं. ते अमेरिकेतल्या बास माशासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात, पण दोघांची कुळं वेगळी. अडचण मात्र दोघांची एकच: गढूळ पाण्यात शिकार शोधायची कशी?

प्रकाशाचं काय होतं?

धुक्यात गाडीचा हेडलाइट लावला की समोर पांढरा पडदा दिसतो ना, तसंच इथे होतं. चिखलाचे कण प्रकाश सगळीकडे उधळतात आणि वस्तू व पार्श्वभूमी यांतला फरक पुसून टाकतात. चंदेरी आमिष आजूबाजूचाच प्रकाश परत पाठवतं. आजूबाजूला सगळं मातकट असेल, तर तेही मातकटच दिसणार. माझी चूक इथे झाली.

रंगांचीही एक गंमत आहे. स्वच्छ समुद्रात लाल रंग सगळ्यात आधी हरवतो आणि निळा खोल जातो. खाडीत कुजलेल्या पानांचा अर्क आणि गाळ असतो, तो निळा आधी गिळतो. म्हणून पिवळा, पोपटी, नारिंगी हे रंग इथे जास्त टिकतात. मासा खालून वर, आकाशाच्या उजेडाकडे पाहत असेल, तर काळ्या आमिषाची सावली उठून दिसते. थोडक्यात, गढुळात पोपटी-पिवळा किंवा सरळ काळा.

डोळे थकले तर अंगावर भिस्त

माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेखा असते. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशींची ही रांग. तिचा पल्ला मात्र छोटा, साधारण माशाच्या एक-दोन लांबींइतका. म्हणून बारीक थरथरणाऱ्या आमिषापेक्षा जाडजूड, मोठे हेलकावे घेणारं आमिष बरं, कारण ते जास्त पाणी ढकलतं. आत छर्रे असतील तर उत्तम. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, आणि चिखल प्रकाशाला अडवतो तसा आवाजाला अडवत नाही. ओढायचं मात्र सावकाश आणि एकसारखं, म्हणजे माशाला नेम धरता येतो.

तिवरांच्या मुळांजवळ उथळ जाणारं, तरंगणारं, चौकोनी जिभेचं आमिष घ्या. आपटलं तर बाजूला उडतं. अडकलंच तर दोरी सैल सोडा, बऱ्याचदा आपोआप वर येतं.

घरी करून पाहा

१८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तुम्ही पांढरं झाकण वजन बांधून दोरीने सोडा. ते दिसेनासं होईल ती खोली मोजा. वीतभरातच गायब झालं, तर चंदेरी आमिष डब्यातच ठेवा.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं

बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. म्हणजे फोटोसाठी हवाहवासा वाटणारा तो भलामोठा मासा बहुधा मादीच असते, आणि प्रजननाचा काळ पावसाळ्याच्या आसपासचाच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर १२० सेंमीपेक्षा मोठा जिताडा सोडावाच लागतो. आपण निदान गळाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकू शकतो, म्हणजे मासा कमी इजा होऊन सुटतो.

पुढच्या वेळी मामाने काळं क्रँकबेट लावलं. हातभर जिताडा लागला. आता तो मला शास्त्रज्ञ म्हणतो, पण आमिष स्वतःच निवडतो!