विमानातील अग्निशामकांची निवड

विमानातील अग्निशामक म्हणजे वैमानिक कक्षात व प्रवासी कक्षात हाताने वापरण्यासाठी ठेवलेली, तसेच इंजिन, मालकक्ष व प्रसाधनगृह येथे कायमची बसविलेली आग विझविण्याची साधने होत. इमारतीला आग लागल्यास माणसे बाहेर पडू शकतात आणि अग्निशमन दल आत येऊ शकते. उडत्या विमानात या दोन्ही वाटा बंद असतात. म्हणून येथे केवळ आग किती लवकर विझते एवढे पाहून भागत नाही. फवारलेले द्रव्य बंदिस्त कक्षातील माणसांच्या श्वासात जाणार असते, आणि ज्या यंत्रणांच्या आधारे विमान उतरवायचे त्यांच्यावरही ते पडणार असते. या तिन्ही बाजूंचा मेळ घालणे हा या निवडीतील मुख्य प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने हाताने वापरण्याच्या अग्निशामकांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

विमानातील आगीसंबंधीचे बरेचसे नियम अपघातांच्या चौकशीतून तयार झाले. ११ जुलै १९७३ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला येणाऱ्या व्हॅरिग कंपनीच्या बोईंग ७०७ विमानाच्या मागील प्रसाधनगृहात आग लागली. विमान धावपट्टीपासून काही किलोमीटर अलीकडे शेतात उतरविण्यात आले. परंतु १३४ जणांपैकी १२३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेकांचा बळी धुराने घेतला.

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानातही मागील प्रसाधनगृहाच्या परिसरात आग लागली. धूर दिसताच कर्मचाऱ्याने तेथे कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक फवारला; पण ज्वाळा त्याच्या नजरेस पडल्या नाहीत, कारण आग भिंतीच्या आवरणामागे होती. विमान सिनसिनाटी येथे उतरले. दारे उघडल्यावर सुमारे ६० ते ९० सेकंदांत सर्व केबिनमध्ये भडका उडाला आणि ४६ जणांपैकी २३ प्रवासी दगावले. त्यानंतर अमेरिकेत १९८५ मध्ये झालेल्या नियमांनुसार प्रसाधनगृहात धूरशोधक, तेथील कचरापेटीत आपोआप सुटणारा अग्निशामक आणि केबिनमध्ये हॅलॉन १२११ चे अग्निशामक बसविणे बंधनकारक झाले.

आगीचे वर्ग

अग्निशामक कोणत्या आगीसाठी आहे हे त्यावरील अक्षरांवरून समजते. 'ए' वर्गात कागद, कापड, लाकूड, आसनांचा फोम इत्यादी घन पदार्थ येतात, तर 'बी' वर्गात इंधन, तेल व इतर ज्वलनशील द्रव येतात. 'डी' वर्ग धातूंच्या आगीचा आहे.

'सी' या अक्षराबाबत मात्र वाचकाने सावध राहावे. अमेरिकी पद्धतीत 'सी' म्हणजे विद्युत प्रवाह चालू असलेल्या उपकरणाची आग. भारतीय व युरोपीय मानकांत 'सी' म्हणजे ज्वलनशील वायूची आग असून विद्युत आगीसाठी स्वतंत्र वर्ग नाही. विमानांतील अनेक अग्निशामकांवर '५बी:सी' असे अमेरिकी मानांकन असते. त्यातील 'सी' वायूसाठी नसून विजेसाठी आहे, आणि आधीचा अंक द्रवाच्या किती मोठ्या आगीवर अग्निशामक प्रभावी ठरतो हे दर्शवितो.

निवडीचे निकष

हाताने वापरण्याचा अग्निशामक निवडताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

• संभाव्य आगीचा प्रकार: वैमानिक कक्षात विद्युत आगीचा, तर प्रवासी कक्षात आसने, सामान व कागद यांच्या आगीचा संभव अधिक असतो.
• विषारीपणा: मूळ द्रव्याचा, तसेच आगीच्या उष्णतेने त्याचे विघटन होऊन निर्माण होणाऱ्या वायूंचाही.
• विमानाला पोहोचणारी हानी: द्रव्य वीजवाहक, गंज आणणारे किंवा मागे अवशेष ठेवणारे नसावे.
• दृश्यता: फवारणीनंतर वैमानिकाला उपकरणे दिसली पाहिजेत.
• आडोशामागे पोहोचण्याची क्षमता: विमानातील धोकादायक आगी बहुधा आवरणामागे लपलेल्या असतात.
• वजन व आकार: अरुंद जागेत एका माणसाला तो सहज हाताळता आला पाहिजे.

निरनिराळ्या द्रव्यांचे गुणदोष

पाणी 'ए' वर्गाच्या आगीवर उत्तम, कारण ते पदार्थ थंड करते. विमानातील पाण्याच्या अग्निशामकात ते गोठू नये म्हणून गोठणरोधक मिसळलेले असते. विजेच्या आगीवर मात्र ते वापरता येत नाही. जलमिश्रित फेसालाही हीच मर्यादा आहे.

कोरडी रासायनिक भुकटी जमिनीवर अतिशय उपयुक्त असून घरांत व मोटारींत सर्रास दिसते. बंदिस्त वैमानिक कक्षात मात्र तिच्या ढगामुळे समोरचे दिसेनासे होते व श्वास कोंडतो. ती विद्युत जोडांमध्ये शिरते, आणि त्यातील अमोनियम फॉस्फेट ओलाव्याच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम गंजवते. म्हणून मोटारीतील अग्निशामक लहान विमानात ठेवणे योग्य नव्हे.

कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवत नाही. परंतु तो प्राणवायूचे प्रमाण कमी करून आग विझवितो. आग विझण्याइतके त्याचे प्रमाण वाढल्यास त्याच कक्षातील माणूसही शुद्ध हरपतो. घन पदार्थांच्या खोल धुमसणाऱ्या आगीवर त्याचा प्रभाव अल्प असतो.

कार्बन टेट्राक्लोराइड पूर्वी वापरात होते. ते स्वतः विषारी असून तापल्यावर त्यापासून फॉस्जीन हा घातक वायू तयार होतो. म्हणून ते बाद झाले.

हॅलॉन ही ब्रोमीनयुक्त संयुगे आहेत. ज्वलनाची साखळी प्रक्रिया पुढे नेणाऱ्या अणूंना त्यांतील ब्रोमीन अडवितो, त्यामुळे थोड्या प्रमाणातही आग विझते. ती वीजवाहक नाहीत व मागे अवशेष ठेवत नाहीत. हॅलॉन १२११ सुमारे उणे ४ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने ते अंशतः द्रवरूप झोताने आगीपर्यंत पोहोचते आणि मग वायुरूप होऊन आडोशामागे पसरते. त्यामुळे ते हाताने वापरण्यास सोयीचे ठरले. हॅलॉन १३०१ सुमारे उणे ५८ अंशांना उकळते. ते बंदिस्त जागा भरून टाकण्यास योग्य असल्याने इंजिन व मालकक्षांत वापरले जाते.

कक्षाचे आकारमान आणि द्रव्याचे प्रमाण

हॅलॉन १२११ श्वासात घेण्याची मर्यादा कमी आहे. हवेत त्याचे प्रमाण ०.५ टक्का असेपर्यंत हृदयावर विपरीत परिणाम आढळत नाही. १ टक्क्यापासून परिणाम दिसू शकतो. यावरून कक्षाच्या आकारमानाचे महत्त्व लक्षात येते. रूढ आकाराच्या अग्निशामकात २.५ पौंड, म्हणजे सुमारे १.१३ किलोग्रॅम हॅलॉन असते. समुद्रसपाटीवर नेहमीच्या तापमानाला त्याचा साधारण ०.१६ घनमीटर वायू होतो. १५० घनमीटरच्या केबिनमध्ये सर्वत्र पसरल्यास त्याचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का भरेल. पण ४ घनमीटरच्या छोट्या विमानात तेच सुमारे ४ टक्के होईल.

उंचीचाही परिणाम होतो. केबिनमधील हवेचा दाब ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका असल्यास तेवढ्याच वजनाचा वायू सुमारे एक तृतीयांश अधिक जागा व्यापतो आणि त्याचे शेकडा प्रमाण वाढते. म्हणून अग्निशामकाचे आकारमान ठरविताना कक्षाचे घनफळ, केबिनमधील दाब व हवा बदलण्याचा वेग हे तिन्ही विचारात घेतले जातात. लहान विमानात आग विझल्यानंतर ताजी हवा आत घेणे आवश्यक असते.

संख्या व स्थान

मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी प्रमाणन नियमांनुसार प्रवासी कक्षातील हातच्या अग्निशामकांची किमान संख्या आसनक्षमतेवर ठरते.

• ७ ते ३० प्रवासी: १
• ३१ ते ६०: २
• ६१ ते २००: ३
• २०१ ते ३००: ४
• ३०१ ते ४००: ५
• ४०१ ते ५००: ६
• ५०१ ते ६००: ७
• ६०१ ते ७००: ८

याशिवाय वैमानिक कक्षात किमान एक अग्निशामक असावा लागतो. ६१ वा अधिक प्रवाशांच्या विमानात किमान दोन अग्निशामक हॅलॉन १२११ चे किंवा तितक्याच क्षमतेच्या द्रव्याचे असणे आवश्यक आहे. ते केबिनभर विभागून, कर्मचाऱ्यांच्या हाताशी व पक्के अडकवून ठेवतात. धुरात श्वास घेता यावा म्हणून कर्मचाऱ्यांसाठी संरक्षक टोपरेही जवळ ठेवलेले असते. भारतात या विषयाचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते.

हॅलॉनचा प्रश्न

माणसाला व विमानाला सोयीचे ठरलेले हॅलॉन ओझोनच्या थराला मात्र घातक निघाले. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसित देशांतील त्याचे उत्पादन १९९३ अखेर बंद झाले. विकसनशील देशांसाठी २०१० ही मुदत होती. भारत या करारात १९९२ मध्ये सहभागी झाला. जुन्या साठ्यातून परत मिळवून शुद्ध केलेले हॅलॉन विमानांत अद्याप वापरले जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने टप्प्याटप्प्याने मुदती ठरविल्या. २०११ अखेरीपासून तयार होणाऱ्या विमानांच्या प्रसाधनगृहांत, आणि २०१८ अखेरीपासून तयार होणाऱ्या विमानांच्या हातच्या अग्निशामकांत हॅलॉनला पर्याय वापरावा असे ठरले. हातच्या अग्निशामकातील पर्यायी द्रव्याला दोन विशेष चाचण्या द्याव्या लागतात. एका चाचणीत आडोशामागील आगीवर, तर दुसरीत इंधनाने भिजविलेल्या आसनाच्या आगीवर ते वापरून निर्माण होणारे विषारी वायू मोजले जातात.

हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बनचे मिश्रण आणि हायड्रोफ्लुरोकार्बन हे पर्याय प्रथम आले. तेवढेच मानांकन मिळविण्यासाठी त्यांचे वजन हॅलॉनच्या जवळजवळ दुप्पट लागते. शिवाय पहिल्यावर माँट्रियल कराराचेच, तर दुसऱ्यावर २०१६ च्या किगाली दुरुस्तीचे निर्बंध आहेत, कारण ते तापमानवाढीस हातभार लावते. त्यानंतर आलेले २-बीटीपी हे द्रव्य ब्रोमीनयुक्त असूनही वातावरणात काही दिवसांतच विघटित होते. त्यामुळे ओझोनला त्याचा उपद्रव नगण्य असतो. मालकक्षासाठी तितकाच समाधानकारक पर्याय शोधणे अधिक कठीण ठरले आहे. तेथे हॅलॉन १३०१ चे प्रमाण सुरुवातीला ५ टक्के आणि नंतर विमान उतरेपर्यंत किमान ३ टक्के राखावे लागते.

लिथियम बॅटरीची आग

मोबाइल, लॅपटॉप व पॉवर बँक यांतील लिथियम-आयन बॅटरीचा एक घट तापून फुटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा घट पेटतो. हॅलॉन ज्वाळा विझवितो, पण घट थंड करीत नाही. म्हणून आग पुन्हा भडकते. यासाठी प्रथम अग्निशामकाने ज्वाळा विझवाव्यात आणि लगेच त्या उपकरणावर पाणी किंवा मद्यरहित पेय भरपूर ओतावे, अशी पद्धत ठरली आहे. उपकरण बर्फात ठेवू नये किंवा झाकू नये, कारण त्यामुळे उष्णता आत कोंडते. सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक मालकक्षात न देता केबिनमध्ये सोबत ठेवण्याच्या नियमामागे हेच कारण आहे: केबिनमध्ये धूर तत्काळ दिसतो आणि पाणी ओतणारा माणूस तेथे असतो. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या स्वतंत्र माल म्हणून नेण्यासही बंदी आहे.

देखभाल व मर्यादा

उड्डाणापूर्वी दाबमापकाचा काटा, सुरक्षा खीळ व अग्निशामक पक्का बसल्याची खात्री करतात; ठरावीक कालावधीने त्याचे वजन व सिलिंडरची दाबचाचणी होते. हातचा अग्निशामक उभा धरून वापरावा लागतो, कारण आडवा धरल्यास आतील नळीपर्यंत द्रव्य पोहोचत नाही. लहान सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून झोत ज्वाळांच्या टोकावर नव्हे तर मुळाशी धरावा लागतो.

उत्तम अग्निशामकही आगीच्या मुळापर्यंत पोहोचला तरच उपयोगी पडतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरच्या १११ क्रमांकाच्या उड्डाणात वैमानिक कक्षाच्या छतामागे आग पसरली. पहिला वास जाणवल्यापासून सुमारे २१ मिनिटांत विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि सर्व २२९ जण मरण पावले. म्हणून आग विझली असे वाटले तरी ती जागा सतत तपासत राहणे आणि विमान जवळच्या विमानतळाकडे वळविणे, या दोन्ही गोष्टी अग्निशामक वापरण्याइतक्याच आवश्यक मानल्या जातात.