काचेचा धागा आणि त्याचे कवच

अजिंठ्याची चित्रे थेट कातळावर काढलेली नाहीत. खडबडीत कातळावर प्रथम भाताची तुसे व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, असा तो क्रम आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आजही आपल्याला दिसतो, याचे श्रेय रंगाइतकेच त्या लेपालाही द्यावे लागते. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत आज प्रकाशतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, तयार होतो. या धाग्याचेही आयुष्य त्याच्या लेपावरच अवलंबून असते.

काचेतून प्रकाशाच्या रूपाने संदेश दूरवर नेता येईल, फक्त काच अतिशय शुद्ध हवी, हे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये दाखवून दिले. 1970 मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी तसा तंतू प्रत्यक्ष बनवला. काओ यांना 2009 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

धागा काढण्याची रीत ऐकायला साधी आहे. शुद्ध काचेचा जाड दांडा उंच मनोऱ्याच्या माथ्यावरील भट्टीत हळूहळू सोडतात. सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसला त्याचे टोक मऊ होते व खालून ओढताच त्याचा धागा होतो. धाग्याची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहावे: दांड्याचा व्यास 100 मिलिमीटर असेल, तर तो धाग्याच्या 800 पट भरतो. म्हणून एक मीटर दांड्यातून 640 किलोमीटर धागा निघतो. आधुनिक मनोऱ्यावर मिनिटाला अडीच हजार मीटर धागा ओढता येतो. हा वेग ताशी दीडशे किलोमीटर झाला. त्या एका मिनिटात वरचा दांडा मात्र जेमतेम चार मिलिमीटर खाली सरकतो.

खरी कसोटी ओढण्यात नाही, ती पुढे आहे. ताजी काच अतिशय बळकट असते. परंतु धुळीचा कण किंवा बोटाचा स्पर्श झाला, की तिच्यावर डोळ्याला न दिसणारा ओरखडा उठतो. ओलाव्याने तो वाढत जातो आणि एके दिवशी धागा तुटतो. म्हणून कोणत्याही वस्तूचा स्पर्श होण्यापूर्वीच त्याला कवच चढवावे लागते. आत मऊ थर, जो दाब व वाकणे सोसतो. बाहेर कठीण थर, जो घर्षण सोसतो. या कवचासह धाग्याची जाडी सुमारे 250 मायक्रॉन होते.

वेग वाढला की अडचणीही वाढतात. भट्टीतून निघालेला धागा लेपाच्या साच्यापर्यंत क्षणार्धात पोहोचतो. तो गरम राहिला तर लेप पातळ बसतो. म्हणून उष्णता झपाट्याने वाहून नेणारा हीलियम वायू त्याच्याभोवती खेळवतात. हा वायू महाग आहे. धावता धागा आपल्यासोबत हवाही ओढून नेतो व लेपात बुडबुडे राहण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी लेपद्रव्य दाबाखाली साच्यात सोडतात. पुढे अतिनील किरणांखाली ओला लेप निमिषात घट्ट होतो. शेवटी संपूर्ण धागा ठरावीक ताण देऊन तपासतात. कमकुवत जागा असेल, तर ती तेथेच तुटते. ग्राहकाच्या हाती माल जाण्यापूर्वी त्याची अशी इंच-इंच पारख होते.

या वेगामागे व्यवहार आहे. त्याच भट्टीतून, त्याच वेळात जितका अधिक निर्दोष धागा निघेल, तितका एका किलोमीटरवर पडणारा खर्च कमी. जागतिक बाजारात स्पर्धा तीव्र आहे. चीन, दक्षिण कोरिया व इंडोनेशिया येथून पडत्या भावाने येणाऱ्या तंतूवर भारत सरकारने 2023 मध्ये डंपिंगविरोधी शुल्क लावले. परंतु शुल्काची भिंत कायमची नसते. टिकतो तो कमी खर्चात उत्तम माल देणारा.

एकेकाळी हुंडीचा कागद गावोगाव फिरे आणि धनादेश वटायला आठवडा लागे. आज पेढीवरील नोंद, जीएसटीचे विवरणपत्र व ग्राहकाने मोबाइलवरून दिलेले पैसे यांचा बराचसा प्रवास अशाच काचेतून होतो. जमिनीखाली पुरलेला तो धागा वर्षानुवर्षे शाबूत राहावा, याची तजवीज मनोऱ्यावरच्या पहिल्या काही क्षणांतच झालेली असते. तेथे राहिलेली कसर पुढे भरून काढता येत नाही.